सहावी जागा

आईकडून एक आणि बाबांकडून एक, अशी दोन अक्षरं प्रत्येकाच्या वाट्याला येतात. माझ्या रिपोर्टवर ‘एएस’ छापलेलं आहे, धाकट्या भावाच्या रिपोर्टवर ‘एसएस’. ‘ए’ म्हणजे निरोगी हिमोग्लोबिन, ‘एस’ म्हणजे सिकलसेल. मी झाडीपट्टीतल्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, मुलांना घेऊन जंगलं तुडवली, दोन बाळंतपणं काढली. माझं रक्त कुठेच आडवं आलं नाही. भावाला मात्र पावसात भिजण्याची चोरी, उन्हातान्हात तहानलेलं राहण्याची चोरी, जागरणाची चोरी. जरा इकडचं तिकडे झालं की हाडांतून कळा सुरू. दवाखान्यात त्याला ‘क्रायसिस’ म्हणतात. आमच्या घरात बरीच वर्षं ‘वात’ म्हणत. आजी चुलीत वीट तापवायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायची आणि त्याच्या पोटऱ्या शेकत बसायची. एका डॉक्टरांनी संधिवाताची इंजेक्शनं दिली, दुसऱ्यांनी कावीळ म्हणून पथ्य लावलं. डोळे पिवळे दिसायचे हे खरंच होतं. तांबड्या पेशी भराभर फुटू लागल्या की डोळे पिवळे होतात, त्यासाठी यकृत बिघडावं लागत नाही. पण हे कळायला नागपूर गाठावं लागलं, आणि तोवर तो दहावीला आला होता.

हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचायला मला ज्याने शिकवलं, त्याला मी कधी पाहिलं नाही. अँथनी ॲलिसन त्याचं नाव. १९२५ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मला, केनियातल्या शेतमळ्यावर वाढला, ऑक्सफर्डला वैद्यक शिकायला गेला. १९४९ साली ऑक्सफर्डची एक मोहीम माउंट केनियाकडे निघाली, तिच्यात हाही होता. बरोबरची मुलं वनस्पती आणि किडे गोळा करत होती. याने माणसांचं रक्त गोळा करायचं ठरवलं. हेतू साधा होता. कुठली जमात कुठल्या जमातीच्या नात्यातली, हे रक्तगटांवरून ताडून पाहायचं. त्याच नमुन्यांवर त्याने आणखी एक चाचणी केली: थेंबातला ऑक्सिजन काढून घेतला तर कुणाच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात?

आकडे हाती आले ते नातेसंबंधांच्या हिशेबात बसेनात. मोंबासाच्या किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी शंभरातल्या विसाहून अधिक जणांच्या पेशी वाकत होत्या. मधल्या उंच, कोरड्या मुलखात शंभरात एखादाही मिळेना. किनाऱ्यावरचे आणि सरोवराकाठचे लोक भाषेने वेगळे, कुळीने वेगळे. मग त्यांच्यात सारखं काय? ॲलिसन त्याच मुलखात वाढलेला. हिवतापाचा प्रदेश कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पाणी, ऊब आणि डास जिथे एकत्र होते तिथेच वाकणाऱ्या पेशी होत्या. वर्गात हा भाग आला की मी मुलांना सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवायला सांगायची आणि फळ्यावर आफ्रिकेचा पूर्व किनारा काढायची. माझी चित्रकला बेताची, किनारा दरवर्षी वेगळाच यायचा, पण मुद्दा पोचायचा. रक्ताचं कोडं इथे नकाशाने सोडवलं आहे.

असा अंदाज त्याच वर्षी जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनीही केला होता, थॅलसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल: भूमध्य समुद्राकाठी हा आजार टिकून राहतो याअर्थी त्याच्या वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावं. हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्याच ओडिशाच्या पश्चिम भागात घरोघरी ‘एस’ आहे. त्यांनी अंदाज केला, आणि तसा अंदाज करायला त्यांच्याएवढी बुद्धी लागते. पण पुरावा गोळा करायला धुळीत उतरावं लागतं, ते ॲलिसनने केलं.

आधी शिक्षण पुरं करायचं म्हणून त्याने ही कल्पना चार वर्षं मनात दाबून ठेवली. १९५३ साली तो पूर्व आफ्रिकेत परतला. युगांडात कंपालाच्या परिसरात २९० मुलांचं रक्त तपासलं. त्यांतली ४३ मुलं वाहक होती, म्हणजे माझ्यासारखी, एक ‘एस’ असलेली. त्या ४३पैकी १२ जणांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी सापडले. उरलेल्या २४७पैकी ११३ जणांच्या. एकीकडे शंभरात अठ्ठावीस, दुसरीकडे शेहेचाळीस. त्याखेरीज पूर्व आफ्रिकेतल्या अनेक जमातींमधल्या सुमारे ५,००० लोकांचं रक्त तपासून त्याने आपला नकाशा पक्का केला. १९५४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे छापून आलं.

त्याच लेखात आणखी एक प्रयोग आहे. केनियातल्या लुओ जमातीचे तीस पुरुष, पंधरा वाहक आणि पंधरा नसलेले. सगळ्यांना जाणूनबुजून हिवतापाचा संसर्ग दिला गेला. नसलेल्यांपैकी चौदा जणांच्या रक्तात परजीवी वाढले, वाहकांपैकी फक्त दोघांच्या. लेखात त्यांना स्वयंसेवक म्हटलं आहे. १९५३चा केनिया म्हणजे आणीबाणी लागलेली इंग्रजी वसाहत. तिथे गोऱ्या डॉक्टरने विचारल्यावर काळा माणूस किती मोकळेपणाने नकार देऊ शकत होता, हा प्रश्न मला हा लेख पहिल्यांदा वाचताना पडला नाही. तेव्हा मी चौदा आणि दोन या आकड्यांच्या प्रेमात होते. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, त्या चौदा जणांचं पुढे काय झालं?” चाचणीनंतर औषध देतात, असं मी तिला सांगितलं. उत्तर बरोबर होतं, पण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिने वेगळंच काही विचारलं होतं.

आमच्या मुलखाचा नकाशा मी माझा मीच काढून पाहिला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. इथे पावलोपावली तलाव. माजी मालगुजारी तलाव, म्हणून त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांतले कितीतरी कोहळी लोकांनी बांधले, गोंड राजांच्या आश्रयाने. तलावाखाली धानाची बांधी, बांधीपलीकडे जंगल. आमच्या लहानपणी पावसाळा सरता सरता प्रत्येक घरात कुणीतरी गोधडीत थरथरत पडलेलं असायचं आणि फवारणीवाले भिंतींवर पांढरे डाग उठवून जायचे. गडचिरोलीत हिवतापाने अजून पाठ सोडलेली नाही. ‘एस’ या तलावांहून फार जुना आहे, तेव्हा तलावांनी तो आणला असं म्हणता येत नाही. तरी ॲलिसनचं व्हिक्टोरिया सरोवर वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावचं भरलेलं पाणी येतं, त्याला माझा इलाज नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. ॲलिसनचा लेख वाहकाने वाचावा तसा मी वाचला, तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. हिशेब असा आहे. ‘एस’ दोनदा आला तर मूल आजारी पडतं. पूर्वीच्या काळी, उपचारांविना, त्यातली बरीच मुलं वयातही येत नसत. मग हे अक्षर पिढ्यान् पिढ्या गळत जाऊन नाहीसं का झालं नाही? कारण ते एकदाच आलेली मुलं हिवतापाच्या साथीतून तगली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली. एसएस मुलांच्या मरणाने जितकं अक्षर गळायचं, तितकं एएस मुलांच्या जगण्याने परत भरून यायचं. माझ्या पणज्या, खापरपणज्या कुठल्या तरी भादव्यात तापातून उठल्या त्या कदाचित यामुळेच. आणि त्याच अक्षराचा दुहेरी डाव माझ्या भावाच्या हाडांत उतरला. म्हणजे मी जी ठणठणीत फिरते ती त्याच्या खर्चाने, असं मला वाटू लागलं. हा विचार मी बरेच दिवस कुणाला बोलले नाही.

एकदा बोलले, त्यालाच. पंचायत समितीत लिपिक आहे तो, कागदावरचे आणि बोलण्यातले कच्चे दुवे लगेच पकडतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजे ताई, डास तुले चावन, अन् बोंबलाचं म्या?” मग हसला, आणि त्याला हसताना पाहून मला रडूच आलं. त्यावर तो जरा चिडला. “तुह्यासाठी काही मी घेतलं नाही ना हे. मले भेटलं. तुले येक भेटलं, मले दोन भेटले. वाटा करताना कोनं तुले इचारलं होतं?”

शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर तोच बरोबर होता, आणि प्राणिशास्त्राची प्राध्यापिका चूक. आईबाबा दोघंही वाहक. प्रत्येक गरोदरपणात नव्याने सोडत निघते: चारांत एक वाटा निरोगी मुलाचा, दोन वाटे वाहकाचे, एक वाटा आजाराचा. आधीच्या सोडतीत काय निघालं हे पुढच्या सोडतीला ठाऊक नसतं. मुलं परीक्षेत हमखास इथेच मार खातात. चारांत एक म्हणजे चौथं मूल आजारी, असं लिहून ठेवतात. गावागावांतल्या शिबिरांतही लोकांना तसंच वाटतं, तीन निरोगी झाली म्हणजे चौथ्याची खैर नाही, किंवा एक आजारी झालं म्हणजे बाकीची सुटली. माझं एएस होणं आणि त्याचं एसएस होणं या दोन वेगळ्या रात्रींच्या गोष्टी आहेत. एकीने दुसरीतून काही काढून घेतलेलं नाही. ॲलिसनचा हिशेब हजारो माणसांचा आणि शेकडो पिढ्यांचा आहे. त्यात सरासरी असते, भाऊबहीण नसतात. तो घरात आणून दोन माणसांमध्ये मांडला तो मी. तरी पोटात काहीतरी राहतंच. त्याला कळ आली की माझा हात आपोआप स्वतःच्या पोटरीकडे जातो.

ॲलिसनकडून आलेला सिकलसेल हिमोग्लोबिनचा एक नमुना केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पोचला होता. तिथे मॅक्स पेरुत्झ यांच्या गटात व्हर्नन इन्ग्रॅम नावाचा तरुण होता. मूळचा जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचा. नाझींच्या राज्यातून १९३८ साली घरच्यांबरोबर इंग्लंडला निसटलेला. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिलं होतं की रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही तऱ्हांचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं. त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटलं. आजाराचं घर म्हणून तोवर एखादा अवयव दाखवत. यांनी रेणू दाखवला. पण त्या एवढ्या मोठ्या रेणूत फरक नेमका कुठे आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

इन्ग्रॅमने ट्रिप्सिन या पाचक रसातल्या विकराने हिमोग्लोबिनचे तीसेक तुकडे पाडले. गाळणकागदाच्या तावावर एका कोपऱ्यात थेंब ठेवून एका दिशेने वीज लावली, दुसऱ्या दिशेने द्रावण चढू दिलं, आणि मग रसायन फवारून ठिपके उठवले. निरोगी रक्ताचा कागद आणि रुग्णाच्या रक्ताचा कागद समोरासमोर धरले. सगळे ठिपके जागच्या जागी होते, एक सोडून. त्या एका तुकड्याच्या मागे लागून १९५७ साली त्याने सांगितलं की तिथे ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन आहे. बाकी काही नाही. पुढे ती जागाही पक्की झाली: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यांतली सहावी.

सहावी म्हटल्यावर आमच्याकडच्या कुठल्याही बाईला जे आठवेल तेच मला आठवलं. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर पुढचं सगळं लिहून जाते. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. भावाच्या वेळी मी चार वर्षांची होते. तिला पाहायचं म्हणून जागी राहिले आणि अर्थातच झोपले. सटवाईचं अक्षर कुणालाच वाचता येत नाही, एवढंच आजी सांगायची. इन्ग्रॅमने ते वाचलं, असं म्हणायचा मोह होतो. पण सटवाईच्या लिहिण्यात आणि या लिहिण्यात एक मोठा फरक आहे. तिने लिहिलेलं एकट्याचं असतं. हे सहाव्या जागेवरचं अक्षर पुढच्याच्या पुढच्याला जातं.

आणि कपाळाचं म्हणाल तर तिथेही शास्त्रज्ञ पोचलेच. १९६८ साली पॉलिंग यांनी लिहिलं की प्रत्येक तरुण माणसाच्या कपाळावर, त्याच्याकडे सिकलसेलचं किंवा तसलं दुसरं जनुक असेल तर, तशी खूण गोंदावी. म्हणजे दोन वाहक एकमेकांना पाहताक्षणी ओळखतील आणि प्रेमात पडायचं टाळतील. दोन नोबेल मिळवलेला माणूस, त्यातलं एक शांततेसाठी. हेतू वाईट नव्हता, मुलांचं दुःख टाळायचं होतं. पण ज्यांच्या कपाळावर जातीची खूण न गोंदताही लोक वाचत आले आहेत, त्यांच्या मुलखात हे वाक्य फार वेगळं ऐकू येतं. विदर्भात ‘एस’ गोंड, माडिया, परधानांत आहे, बौद्धांत आहे, काही इतर मागास जातींत आहे. आधीच कमी का खुणा आहेत? माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळाने पत्रिका मागितली नाही, पण रिपोर्ट मागितला, आणि रिपोर्ट पाहून निरोपच आला नाही. मुलगा स्वतः तपासलेला नव्हता. तो निरोगी असता तर आमच्या एकाही मुलाला आजार होण्याचा धोका नव्हता. वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगायला मी हातभर कागद पाठवायला तयार होते, आईने पाठवू दिला नाही.

ज्यांनी माझ्याशी लग्न केलं त्यांनी तपासून घेतलं, निरोगी निघाले, आणि तो विषय तिथे मिटला.

१९५२ सालापर्यंत हा आजार फक्त आफ्रिकेतल्या वंशाचा मानत. त्या वर्षी निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला, आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत सापडला. १९५८ साली नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल ‘लॅन्सेट’ला लिहिलं. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे डॉ. सुदाम काटे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत हिंडले. महाराष्ट्रातल्या काही जमातींत शंभरातले वीस ते पस्तीस लोक वाहक असल्याचं त्यांच्या कामातून पुढे आलं. भिल्ल, पावरा, माडिया, परधान. राज्याच्या दोन टोकांना तेच अक्षर.

ते इथे आलं कुठून? ऐंशीच्या दशकात जनुकाच्या शेजारपाजारची रचना तपासून असं ठरलं की भारत आणि अरबस्तानातला ‘एस’ आफ्रिकेतल्या ‘एस’हून स्वतंत्रपणे उपजला. तीच चूक, तीच सहावी जागा, पण वेगळ्या माणसाच्या देहात. मी हेच शिकवत आले. मग २०१८ साली संपूर्ण जनुकसंच वाचून काही संशोधकांनी म्हटलं की नाही, उगम एकच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा. तेव्हाच्या हिरव्या, ओल्या सहारात किंवा त्याच्या आसपासचा. वाद अजून चालू आहे. पण हे दुसरं खरं ठरलं तर कंपालाची ती ४३ मुलं आणि मी एकाच माणसाची वंशज ठरतो. नाव नसलेला कुणीतरी बाप्या किंवा कुणीतरी बाई. तिला तर काही झालंही नसेल, तिच्याकडे एकच होता.

गडचिरोलीतली एक गोष्ट इथे सांगायला हवी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे गेले तेव्हा सुरुवातीच्या कामांत सिकलसेलचा अभ्यास होता. आजार मोठ्या प्रमाणावर असल्याचं त्यांनी दाखवलं. लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. हा आमच्या कुतूहलाचा विषय होता, लोकांच्या गरजेचा नव्हता, असं डॉ. बंग यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे, आणि मग ते नवजात बाळांच्या मृत्यूंकडे वळले. त्या कामाने किती बाळं वाचली हे जगजाहीर आहे. हा प्रांजळपणा मला मोठा वाटतो. तरी मला त्यात एक शंका आहे. लोकांना रस नव्हता, कारण तेव्हा डॉक्टरांच्या झोळीत द्यायला काही नव्हतं. रक्त तपासून ‘तुझ्यात दोष आहे’ एवढंच सांगणाऱ्याला गाव कशाला विचारील? माझी आजी तरी निदान वीट तापवून द्यायची.

देण्यासारखं पुढे काही निघालं ते एका जुन्या निरीक्षणातून. १९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं की आजार घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत. आईच्या पोटात असताना बाळ वेगळ्या हिमोग्लोबिनवर जगतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते ओसरतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. ‘एस’चा त्रास सुरू होतो तो तेव्हा. म्हणजे बरं होण्याची सोय शरीराजवळ असते, ते ती सहा महिन्यांत मोडीत काढतं. १९९५ साली हायड्रॉक्सीयुरियाची मोठी चाचणी झाली. त्या कॅप्सूलने गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं वाढतं आणि कळांचे झटके कमी होतात. भारतीय ‘एस’बरोबर हे बाळपणीचं हिमोग्लोबिन मुळातच जास्त उरतं, त्यामुळे आपल्याकडचा आजार सौम्य, असं पुस्तकं सांगत. ओडिशात ते बरंच खरंही आहे. नागपूरच्या वॉर्डांत मुलांना पाहणाऱ्या डॉक्टरांना ते तितकंसं पटत नाही, आणि माझ्या भावाला पुस्तकातलं हे वाक्य वाचून दाखवलं तेव्हा त्याने दिलेलं उत्तर छापण्याजोगं नाही.

शरीर बाळपणीचं हिमोग्लोबिन बंद करतं तो खटकाही सापडला, २००८ साली. बीसीएल११ए नावाच्या जनुकाचं हे काम. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, क्रिस्पर तंत्राने तो खटका मोडायचा, आणि पेशी परत शरीरात सोडायच्या. सहाव्या जागेवरची चूक तशीच राहते, तिला कुणी हात लावत नाही. शरीराला फक्त मोठं होऊ द्यायचं नाही. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत एका रुग्णाला २२ लाख डॉलर, आपले अठरा कोटींच्या वर. भावाने मोबाइलवर हिशेब केला आणि पंचायत समितीच्या लिपिकाच्या पगारात ते किती शतकांत फिटेल हे मला सांगितलं.

त्याच वर्षी, १ जुलैला, मध्य प्रदेशातल्या शहडोलला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन. तपासणी होते आहे हे चांगलंच आहे; आशाताई बोट टोचून थेंब घेतात, संशयित असेल तर पुढची चाचणी, मग रंगीत कार्ड. आमच्या लहानपणी एवढं असतं तर संधिवाताची इंजेक्शनं वाचली असती. भावाचा राग ‘निर्मूलन’ या शब्दावर नाही, आकड्यावर आहे. ॲलिसनच्या गणिताने जायचं तर हिवताप पुरता गेला तरी ‘एस’ आपोआप ओसरायला कितीतरी पिढ्या लागतील. २०४७ म्हणजे एक पिढी. तेवढ्यात आजार कमी करायचा म्हणजे दोन वाहकांची लग्नं टाळा, किंवा गर्भ तपासा. हे दोन्ही ज्यांच्या हातात आहे ते अजून शाळेत आहेत. ज्यांना आजार आधीच आहे त्यांचं काय, तर त्यांना रोजची कॅप्सूल लागते, फॉलिक ॲसिड लागतं, लशी लागतात, आणि कळ उठली की रात्री-बेरात्री सलाइन लावणारा माणूस लागतो. पोस्टरवर यातलं काहीच नसतं, कारण यात निर्मूलन करण्यासारखं काही नाही.

माझी धाकटी लेक आता बारावीत आहे. नवरा निरोगी, मी वाहक, म्हणजे तिच्या बाबतीत अर्धी शक्यता आहे. तपासून घ्यावं की तिने स्वतः ठरवेपर्यंत थांबावं, यावर घरात दोन तट आहेत. ॲलिसनने पुढे हा विषय सोडला आणि मायकोफेनोलेट या औषधावर काम केलं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना ते देतात. २०१४ साली तो गेला. लेकीने त्याचा लेख वाचलाय, आईपेक्षा नीट वाचलाय. तिचं म्हणणं, “मी वाहक असले तर चांगलंच, मला मलेरिया कमी होईल.” भावाने फोनवर तिचं बोलणं ऐकलं आणि तिला सुनावलं की आता मच्छरदाणी मिळते, तेवढ्यासाठी जनुक कशाला पाहिजे. मग फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं. त्याच्याकडच्या कॅप्सूल संपत आल्या होत्या, आणि तो जिथून घेतो तिथे महिनाभर साठा नव्हता. “ताई, तुह्याकडच्या मेडिकलमध्ये पाचशेची भेटते का, इचारून ठेवजो. दहाची पत्ती नको घेऊ. दोन महिन्याची घे.”